बोअरचं पाणी, मिठाचा पूल आणि थेंब मोजायचं किट: चोपड्याकडून रिव्ह्यू

आधी सरळ सांगून टाकतो, हा रिव्ह्यू टेलर कंपनीच्या के-२००६ ह्या पाणी तपासायच्या किटचा आहे, सोबत त्यांचंच मीठ मोजायचं के-१७६६ पण घेतलंय, आणि ज्यांच्या घरी किंवा मळ्यात सॉल्ट क्लोरिनेटरवाला, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या मशीनचा, पूल आहे आणि तो बोअरच्या पाण्यावर भरलाय त्यांनी हे घ्याच असं माझं ठाम मत आहे. मशीन कोणतं घेतलं, पंप किती एचपीचा, टाइल्स कुठून आणल्या ह्यावर आपल्याकडे चहाचे कपच्या कप संपतात पण पाण्यात नेमकं काय आहे हे कोणी विचारत नाही, आणि खान्देशात तर पहिला प्रश्न तोच असायला पाहिजे, कारण आपलं पाणी धरणाच्या गोड पाण्यासारखं नाही आणि आपल्या मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको.

आमचा पूल मळ्यातल्या घरी आहे, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुडा समोर दिसतो. आठ मीटर बाय चार मीटर, खोली सरासरी सव्वा मीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी. आम्ही सगळे विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला वाळका भोपळा नाहीतर डबा बांधून, काकांनी वरून ढकलून द्यायचं आणि खाली कोणीतरी मोठं माणूस उभं. आता तापीकाठच्या पट्ट्यात पाण्याची पातळी इतकी खाली गेलीय की पोरांनी पोहावं अशी भरलेली विहीर शोधावी लागते, म्हणून मोठ्या भावाने पूल बांधला आणि मिठाचा बांधला, कारण त्याला कोणीतरी सांगितलं होतं की मिठाच्या पुलात क्लोरीन लागत नाही.

हे तेवढं आधी क्लिअर करू, कारण मला भेटणारा प्रत्येक माणूस हेच बोलतो. मिठाच्या पुलात क्लोरीन असतंच, फक्त ते डब्यातून ओतायचं नसतं, मशीन तिथेच तयार करतं. पाण्यात मीठ विरघळलेलं असतं, साधारण ३,००० ते ३,४०० पीपीएम (पीपीएम म्हणजे एका लिटरला किती मिलिग्रॅम), समुद्रात ३५,००० च्या आसपास असतं म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंच, तोंडात गेलं तर जेमतेम खारट लागतं. हे पाणी सेलमधून जातं, सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या, त्यांच्यावर रुथेनियम किंवा इरिडियमचा लेप, त्यातून डीसी करंट गेला की मिठातलं क्लोराईड तुटून क्लोरीन बनतं, दुसऱ्या पट्टीवर हायड्रोजनचे बारीक बारीक बुडबुडे निघतात. क्लोरीन जंतू मारून झालं किंवा उन्हाने उडालं की परत क्लोराईड होतं, म्हणून मीठ संपत नाही. मीठ कमी होतं ते फक्त पाणी बाहेर गेलं तर, म्हणजे फिल्टरचं बॅकवॉश केलं, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुतला, पोरांनी उड्या मारून सांडवलं, पावसात पूल भरून वाहिला किंवा कुठे गळती असली तर. बाष्प होऊन पाणी उडालं तर मीठ जागेवरच राहतं. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली ना की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

आता किटकडे का वळलो ते सांगतो. पूल ज्यांनी बांधला त्यांचाच माणूस सर्व्हिसला यायचा, नाव लिहीत नाही, पोरगा स्वभावाने चांगला आणि कष्टाळू होता पण त्याच्या हातात दोनच गोष्टी होत्या, रंग बघायच्या पट्ट्या आणि ते पिवळं होणारं एक औषध. मशीनच्या डिस्प्लेवर लो सॉल्ट आलं की तो मिठाची गोणी मागायचा. एकदा आलं, गोणी टाकली. थोड्या दिवसांनी परत आलं, परत गोणी. तिसऱ्यांदा आलं तेव्हा किट नुकतंच हातात पडलं होतं, म्हटलं थांब भाऊ, आधी मोजू.

मीठ मोजायची पद्धत बघण्यासारखी आहे. नळीत १० मिली पाणी घ्यायचं, त्यात पिवळ्या क्रोमेटचा एक थेंब, पाणी हळदीसारखं पिवळं होतं. मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब एकेक करून टाकत नळी हलवत राहायची. थेंब पडला की तिथे क्षणभर पांढरं-विटकरी काहीतरी दिसतं आणि हलवलं की परत पिवळं. आणि मग एका थेंबाला अख्खी नळी विटकरी होते आणि तशीच राहते. एक थेंब म्हणजे २०० पीपीएम. १६ थेंब झाले, म्हणजे ३,२००, मशीनला पाहिजे तेवढं, तिथे रंग बदलायला हवा होता. नाही बदलला. १८ झाले. तो पोरगा पण वाकून बघायला लागला. २१ व्या थेंबाला बदलला. म्हणजे पाण्यात ४,२०० पीपीएम मीठ आणि मशीन म्हणतंय मीठ कमी आहे!

कारण असं आहे की मशीन मीठ मोजतच नाही, ते पट्ट्यांमधून करंट किती गेला ते बघतं आणि त्यावरून मिठाचा अंदाज लावतं. पट्ट्यांवर क्षार बसले की करंट कमी जातो आणि मशीनला वाटतं मीठ कमी झालं. सेल म्हातारा झाला, लेप झिजला, तरी तसंच दिसतं. सेल खोलून बघितला तर पट्ट्यांच्या मध्ये पांढरा थर, अगदी गीझरच्या कॉइलवर बसतो तसाच. मीठ टाकून तो थर जाणार होता का? आणि जास्त झालेलं मीठ काढायचा एकच मार्ग, पाणी काढून टाकणं, जे आपल्या भागात उन्हाळ्यात करायला जीव होत नाही.

तर आता खऱ्या विषयाकडे येतो, कॅल्शियम. माझ्या मते खान्देशातल्या पुलाचा मुख्य आजार हाच आहे. क्लोरीन-पीएचच्या नादात लोक हे मोजत नाहीत आणि रंग बघायच्या साध्या पट्ट्यांवर जी हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, दाखवतात ती बहुतेक वेळा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून असते, पुलासाठी फक्त कॅल्शियमचा आकडा पाहिजे. किटमध्ये त्याची टेस्ट अशी (आर-वाले आकडे म्हणजे बाटल्यांवरचे नंबर), २५ मिली पाणी, आर-००१० चे २० थेंब, आर-००११एल चे ५ थेंब, पाणी लाल होतं, मग आर-००१२ चे थेंब मोजत जायचं, लालचं जांभळं होतं आणि मग स्वच्छ निळं. एका थेंबाला १० पीपीएम. पुलाला साधारण २०० ते ४०० बरं मानतात. आमच्या पुलात किती असेल? ६२ थेंब. ६२० पीपीएम. बाटली पिळून पिळून अंगठा दुखला. आणि बोअरचं सरळ नळाचं पाणी मोजलं तर तेही ४०० च्या वर.

ज्यांच्याकडे केळी आहे त्यांना हे नवीन वाटू नये. ठिबकच्या नळ्या चोक होतात, आपण वर्षातून ॲसिड ट्रीटमेंट देतो, ड्रिपरच्या तोंडावर जो पांढरा खडा बसतो तोच हा. शेतीसाठी पाणी तपासल्याचा रिपोर्ट बहुतेकांच्या कपाटात पडलेला असतो, तो काढा. त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये दिलेलं असतं, त्याला ५० ने गुणलं की पुलाच्या भाषेतला आकडा मिळतो. कॅल्शियम ८ असेल तर ४०० पीपीएम हार्डनेस, बायकार्बोनेट ६ असेल तर ३०० अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची ॲसिड पचवायची ताकद. पूल बांधायच्या आधी हा एक गुणाकार केला असता तर कितीतरी लोकांचे सेल वाचले असते असं मला मनापासून वाटतं, आणि पूल बांधणाऱ्यांनी तो गिऱ्हाइकाला आधी करून दाखवला पाहिजे, त्यांचं कामच आहे ते.

आणि हा आकडा एका जागी बसून राहत नाही. समजा एप्रिल-मेमध्ये रोज एक सेंटिमीटर पाणी उडालं, आमच्या पुलाला ते ३२० लिटर झालं. पाणी उडालं, कॅल्शियम राहिलं. तेवढं परत बोअरचं भरलं, ४०० पीपीएमचं, तर रोज १२८ ग्रॅम नवीन क्षार पुलात आला, म्हणजे रोज ३ पीपीएमपेक्षा जास्त वाढ, महिन्याला शंभरच्या आसपास. कोणी काही चुकीचं न करता, नुसतं पाणी भरत राहून! म्हणून पहिल्या वर्षी चांगला चाललेला पूल दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात एकदम त्रास द्यायला लागतो, आणि सगळे म्हणतात मशीन खराब निघालं.

उपाय आहेत. सगळ्यात चांगला उपाय पाऊस. जळगाव जिल्ह्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, १०० चौरस मीटरच्या स्लॅबवरून हिशोबाने ७०,००० लिटर पाणी खाली येतं, वाया जाणारं धरून सुद्धा आमच्या पुलापेक्षा जास्तच. आणि पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. स्लॅबचा पाइप, पहिला पाऊस वाया जाऊ द्यायचा, मग जाळी लावून टाकीत आणि टाकीतून पुलात. आम्ही पावसाळ्यात पूल थोडा खाली करून ह्याच पाण्याने भरला आणि कॅल्शियम चारशेच्या घरात आलं, मीठही जागेवर आलं. दुसरं म्हणजे रात्री पूल झाकून ठेवायचा, पाणी कमी उडतं आणि सातपुड्याकडून वारा सुटला की काळ्या मातीची जी धूळ येते ती पण अडते.

आणि कॅल्शियम जास्त असलं तरी पूल चालवता येतो, हे लक्षात ठेवा, फक्त पीएच आणि अल्कलिनिटी खाली धरावी लागते. क्षार बसणार की नाही हे एकट्या कॅल्शियमवर नसतं, कॅल्शियम, अल्कलिनिटी, पीएच आणि पाण्याचं तापमान ह्या चौघांचं मिळून ठरतं, त्याचा हिशोब आहे, लँगलियर इंडेक्स म्हणतात, फोनवर कॅल्क्युलेटर मिळतात. उत्तर शून्याच्या जवळ किंवा किंचित खाली पाहिजे. आमच्याकडे मेमध्ये पुलाचं पाणी ३२ डिग्रीला जातं, तेव्हा ६०० कॅल्शियमला पीएच ७.४ ते ७.५ आणि अल्कलिनिटी ६० ते ७० धरली तर इंडेक्स शून्याच्या आसपास राहतो. हाच पीएच ८.२ ला जाऊ दिला की पांढरा थर बसणारच, आणि पहिला सेलमध्येच, कारण पट्टीच्या अगदी जवळ पीएच आणखी वर असतो.

मिठाच्या पुलात पीएच सारखा वर का चढतो हे पण ऐका, कारण आमचा सर्व्हिसवाला म्हणायचा मशीनमधून कॉस्टिक निघतं म्हणून. कॉस्टिक बनतं हे खरं, पण क्लोरीन वापरलं जाताना तेवढंच ॲसिड पण बनतं आणि दोन्ही फिटतात. खरं कारण हवा. हायड्रोजनचे बुडबुडे, रिटर्नची धार (फिल्टरमधून पुलात परत येणारं पाणी), कारंजं, पोरांच्या उड्या, ह्या सगळ्यामुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर निघतो आणि पीएच वर जातो. अल्कलिनिटी जितकी जास्त तितका हा गॅस जास्त निघतो. म्हणून नॉर्मल पुलाला ८०-१२० अल्कलिनिटी सांगतात ती मिठाच्या पुलाला नको, ६० ते ८० बास. आमच्याकडे बोअरचं पाणीच एवढी अल्कलिनिटी घेऊन येतं की खायचा सोडा टाकायची वेळच येत नाही, सोडा टाका म्हणणाऱ्याला आधी मोजून दाखवा म्हणा.

अल्कलिनिटीची टेस्ट सगळ्यात सोपी, हिरव्याचं लाल होईपर्यंत थेंब मोजायचे, एका थेंबाला १०. आमची सुरुवातीला १८० होती. खाली आणायला ॲसिड, म्हणजे बाजारात मिळतं ते ३० टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक, ठिबकला वापरतो तेच, त्याचं कॅन प्रत्येक कृषी केंद्रात मिळतं. ४०,००० लिटरला १० पीपीएम अल्कलिनिटी उतरवायला साधारण ८०० मिली लागतं. एका दमात नाही टाकायचं, पीएच ७.२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, टाकायचं, कारंजं चालू ठेवायचं, पीएच परत चढला की परत टाकायचं, असं करत करत आठवड्या-दोन आठवड्यात उतरते. रोजचा पीएच सांभाळायला मग पाव लिटरच्या आसपास लागतं. ॲसिड ओतताना पंप चालू, रिटर्नच्या धारेजवळ, वाऱ्याकडे पाठ, हातात मोजे, डोळ्याला चष्मा. पातळ करायचं असेल तर पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. आणि क्लोरीनच्या गोळ्या-पावडर आणि ॲसिड एका खोलीत ठेवू नका, हे हात जोडून सांगतो, दोन्ही एकत्र आले की विषारी गॅस होतो आणि मळ्याच्या खोलीत पोरं खेळत असतात.

क्लोरीनच्या टेस्टसाठी तर हे किट मला सगळ्यात जास्त आवडलं. १० मिली पाण्यात पावडरीचे किटमधले दोन छोटे चमचे, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी, मग आर-०८७१ चे थेंब टाकत जायचं, गुलाबी एकदम पाण्यासारखं स्वच्छ झालं की थांबायचं, एका थेंबाला अर्धा पीपीएम. रंगाची छटा कोणत्या खान्याशी जुळते हा वादच नाही, गुलाबी आहे किंवा नाही, आमच्या आबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असून ते पण करतात. रंग जुळवायच्या साध्या डीपीडी टेस्टमध्ये क्लोरीन खूप जास्त झालं की रंगच उडून जातो आणि वाटतं पाण्यात काही नाही, लोक आणखी टाकतात. इथे तसं होत नाही. पुढे त्याच नळीत आणखी एका बाटलीचे पाच थेंब टाकले आणि परत गुलाबी आलं तर ते वापरून झालेलं क्लोरीन, क्लोरामाइन, ते अर्ध्या पीपीएमच्या वर नको. पोरांचे डोळे चुरचुरतात आणि वास येतो तो बहुतेक वेळा ह्याचा असतो, क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो, आणि घरात मात्र लगेच मशीन बंद करा म्हणून ओरड सुरू होते.

आमचा सालदार पहिल्यांदा हे बघून म्हणाला, "भाऊ, पानी ते इतलं साफ शे, मंग रोज काय मोजतस?" प्रश्न बरोबर होता त्याचा. स्वच्छ दिसणारं पाणी आणि सुरक्षित पाणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शेवाळ दिसायला लागतं तेव्हा क्लोरीन संपून बराच वेळ झालेला असतो. आता तोच सकाळी नळी भरून आणतो, कोपरभर खोलीवरून, रिटर्नच्या धारेपासून लांब, मी सांगावं लागत नाही.

सायन्युरिक ॲसिड, ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, त्यावर थोडं. आपल्या उन्हात हे नसेल तर क्लोरीन दुपारपर्यंत टिकत नाही, मशीन शंभर टक्क्यांवर चालवलं तरी. मिठाच्या पुलाला ६० ते ८० पीपीएम ठेवा, ४०,००० लिटरला शून्यापासून ७० करायला २.८ किलो लागतं, पायमोज्यात भरून रिटर्नसमोर लटकवायचं, सावकाश विरघळतं. आणि क्लोरीन त्याच्या पाच टक्क्यांच्या खाली नको, म्हणजे ७० ला साडेतीन, मी चार-पाच धरतो. टेस्टमध्ये पाणी गढूळ होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. ही एकच टेस्ट जरा अंदाजाची आहे, दोन माणसांचं उत्तर वेगळं येऊ शकतं, उघड्यावर उजेडात, सूर्याकडे पाठ करून केली तर बरी येते. बाजारातल्या त्या पांढऱ्या मोठ्या गोळ्या, टीसीसीए, त्यात हे आधीच असतं, १० पीपीएम क्लोरीन दिलं की ६ पीपीएम स्टॅबिलायझर पण देऊन जातात. लाइट नसताना मशीन बंद पडलं की लोक ह्या गोळ्या टाकत बसतात आणि स्टॅबिलायझर दीडशेवर जातं, मग तेवढ्या क्लोरीनला जोर राहत नाही आणि पाणी काढण्याशिवाय इलाज नाही. मळ्यावर लाइटचा भरवसा नसतोच, त्यापेक्षा लिक्विड क्लोरीनचं छोटं कॅन ठेवा, तेही ताजं, उन्हात पडलेलं कॅन दोन महिन्यात निम्मं होतं.

काढलेल्या पाण्याचं काय करायचं हे पूलवाले कोणी सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. केळीला देऊ नका. बॅकवॉशचं पण नाही. ३,००० पीपीएम मीठ म्हणजे केळीच्या सोसण्याच्या कितीतरी पलीकडे, केळी मिठाला फार नाजूक, पानांच्या कडा जळायला लागतात. आणि आपल्या काळ्या जमिनीत सोडियम गेला की ती चोपण होते, पाणी मुरत नाही, वाळली की दगडासारखी. एका पुलाच्या पाण्याने पाच एकर जाणार नाही पण बॅकवॉशचा पाइप ज्या कोपऱ्यात सोडला तो कोपरा जातो, आमच्या शेजारच्या गावात डोळ्याने बघितलाय, तिथे गवत पण येत नाही. विहिरीपासून आणि पिकापासून लांब वेगळा शोषखड्डा करा, पावसाळ्यात जेव्हा भरपूर पाणी वाहत असतं तेव्हाच पूल खाली करा.

मीठ कोणतं टाकायचं, तर किराण्यातलं आयोडीनवालं नको, मोकळं राहावं म्हणून ज्यात औषध घालतात ते पण नको, आणि ट्रकने येणारं मळकं खडे मीठ तर अजिबात नको कारण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि माती असते, आपल्याकडे आधीच काय कमी आहे का. रिफाइंड, ९९ टक्क्यांच्या वरचं, गोणीवर लिहिलेलं बघून घ्या. अजिबात मीठ नसलेल्या ४०,००० लिटरला ३,२०० करायला १२८ किलो लागतं, पण बोअरच्या पाण्यात आधीच थोडं मीठ असतं, ते मोजून वजा करा.

सेल धुण्याबद्दल, एक भाग ॲसिड चार भाग पाणी, फेस थांबेपर्यंतच, खरवडायचं नाही, स्क्रूड्रायव्हर तर जवळ पण नेऊ नका. प्रत्येक धुण्याला लेप थोडा जातो, म्हणून धुवावाच लागू नये असं पाणी ठेवणं हेच खरं. पाण्याचा हिशोब बसल्यापासून आमचा सेल उघडून बघितला की पट्ट्या काळ्या स्वच्छ दिसतात, डिस्प्लेचा मिठाचा आकडा आणि थेंबांचा आकडा जवळपास जुळतो.

आता किटच्या मर्यादा. परदेशी माल आहे, किंमत टोचते, पट्ट्यांच्या डबीपेक्षा कितीतरी पट. पण नवीन सेलची किंमत विचारून या, मग महाग वाटणार नाही. पुस्तिका इंग्रजीत आहे, मी पुतणीकडून प्रत्येक टेस्ट मराठीत एका पुठ्ठ्यावर लिहून घेतली आणि पंपाच्या खोलीत लावली, आता कोणीही करतं. क्लोरीन १० च्या वर असताना पीएचचा रंग खोटा येतो, तेव्हा पीएच बघूच नका. कॅल्शियमच्या टेस्टमध्ये कधीकधी जांभळ्यावरच अडकतं, तेव्हा नवीन पाणी घेऊन आर-००१२ चे पाच-सहा थेंब सगळ्यात आधी टाकायचे, मग बाकीची औषधं, ते थेंब पण मोजणीत धरायचे, मग निळा नीट येतो. बाटली उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहान-मोठा पडतो आणि आकडा चुकतो. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की काळा डाग पडतो, बरेच दिवस जात नाही, क्रोमेटचं औषध विषारी आहे, पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका आणि टेस्ट झालेलं पाणी पुलात परत ओतू नका.

ज्यांचा पूल पालिकेच्या धरणाच्या पाण्यावर आहे त्यांना कॅल्शियमचा एवढा ताप नसेल, पण क्लोरीन आणि स्टॅबिलायझरसाठी तरी हे किट लागेलच. फुगवायचा पूल वगैरे असेल तर एवढा खर्च करू नका, साधं चालतं.

मागवताना के-२००६सी म्हणजे मोठ्या बाटल्यांचं घ्या, आपल्या कॅल्शियमला छोटी बाटली झरझर संपते, साठ थेंब एका वेळेला जातात ना. बाटलीवरची तारीख बघून घ्या आणि मागवायचंच असेल तर फेब्रुवारीच्या आत मागवा, मेमध्ये ४५ डिग्रीत कुरिअरच्या गाडीत पेटी पडून राहिली तर औषधं खराब होतात. आल्यावर पंपाच्या खोलीत ठेवू नका, तिथे ॲसिडची वाफ असते आणि पत्र्याखाली भट्टी होते, घरात, अंधाऱ्या गार कपाटात ठेवा, आमचं देवघराच्या खालच्या फडताळात असतं. रिफिलच्या बाटल्या सुट्या मिळतात, अख्खं किट परत घ्यायची गरज नाही, आर-००१२ आणि आर-०८७१ तेवढ्या एकेक जास्तीच्या आणून ठेवा.